पाठवणीची गाडी आणि लाल झंडी

चालत्या गाडीची साखळी विनाकारण ओढणं हा गुन्हा आहे, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. माझे बाबा रेल्वेत गार्ड. इतर घरांतली मुलं पाढे म्हणायची तेव्हा मी झाशी ते बीना सगळी स्टेशनं ओळीनं म्हणून दाखवायची. तरीही मी साखळी ओढली. अंगावर शालू होता, शेजारी आदल्या दिवशी लग्न लागलेला नवरा होता, गाडी मला सासरी घेऊन चालली होती आणि त्या गाडीचे गार्ड माझेच बाबा होते. एवढ्यावर भागलं असतं तर म्हटलं असतं, वय वेडं होतं. पण पुढचं स्टेशन बबीना, ते सात-आठ मिनिटांवर आलेलं, आणि गाडी तिथं आपणहून थांबणारच होती. मूर्खपणा करायचा तर निदान वेळापत्रक बघून करावा. मला ते पाठ होतं, तरी नाही सुचलं.

आज ही गोष्ट निघाली ती नातीमुळं. पुढच्या महिन्यात तिचं लग्न. दिल्लीत नोकरी करते, नवराही तिथलाच, दोघांनी घर आधीच लावलंय, पडदेसुद्धा शिवून झालेत. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलायला लागली की तिसऱ्या शब्दाला हिंदीत उतरते. काल फोनवर म्हणाली, "आजी, सच बताओ, तू रोयी थी क्या बिदाई में? मला तर रडूच नाही येणार. जाना कहाँ है, वापस अपने ही फ्लॅटमध्ये तर जायचंय."

मी म्हटलं, "मीसुद्धा असंच म्हणाले होते."

"फिर?"

"मग काय, गाडी थांबवली."

तिला वाटलं आजी नेहमीसारखी थापा मारते. मारते मी, नाही म्हणत नाही. पण ही थाप नव्हे.

आमचं घर म्हणजे रेल्वे कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. शहरातली जुनी मराठी घराणी आम्हाला "रेलवाले" म्हणायची, म्हणजे आजचे आलेले. त्यांचे पूर्वज कधीकाळी कारभार आणि पूजाअर्चा करायला आले, आमचे बाबा बदलीवर आले. हळदीकुंकवाला बोलवायचे, पण पाट जरा दाराकडचा द्यायचे. आईला ते लागायचं. मला नाही लागायचं, कारण मला त्या वयात काहीच लागत नसे. मी स्वतःला फार शहाणी समजत होते. इंटरला फर्स्ट क्लास, वाचनालयातली दोन कपाटं वाचून संपवलेली, आणि कॉलनीत कुणाच्याही मुलीची बिदा असली की भिंतीवर कोपर टेकून बघायला मी हजर.

आमच्याकडं बुंदेली बायकांची बिदा म्हणजे नुसतं रडणं नव्हे. मुलगी आईच्या गळ्यात पडते, मग काकीच्या, मग वहिनीच्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात पडून तालासुरात, शब्द जुळवून रडते. "ओ मोरी मताई, मोय काय पठै रईं," म्हणजे माझे आई, मला का पाठवतेस, असं सगळं त्या सुरात येतं. मी त्या रडण्याला दहापैकी गुण द्यायची. अमकीला सहा, आवाज चांगला पण शब्द कमी. तमकीला आठ. आमच्या शेजारच्या चाचीच्या मोठ्या मुलीला मी साडेनऊ दिले होते, कारण तिनं रडता रडता गाईलाही मिठी मारली होती. अर्धा गुण कापला तो गाईनं दाद दिली नाही म्हणून.

ही चाची म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. तिचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात आधी पोचायचा, ती मागून. माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं मला पुढ्यात बसवून विचारलं, "काय बिन्नू, रोबो आउत कै नईं?" म्हणजे रडायला येतं की नाही.

मी म्हटलं, "चाची, मैं नहीं रोऊँगी. रोना तो अनपढ़ों का काम है."

चाची स्वतः अंगठेबहाद्दर. मी तिच्या तोंडावर हे बोलले, बघा. ती काही रागावली नाही. सुपातले तांदूळ निवडत म्हणाली, "चलो, देखहैं."

आता बाबांविषयी. बाबा घरात फार बोलत नसत, आणि बोलत ते रेल्वेच्या कामाइतकंच. जेवायला "राइट टाइम" आले की खूश. त्यांनी रजा घेतलेली मी पाहिली नव्हती. माझ्या मुंजीएवढ्या भावाला टायफॉइड झाला तेव्हाही ते लाइनवर होते. बिचारे परतले ते थेट दवाखान्यात, गणवेशावरच. आई म्हणायची, "यांच्या रजा सरकारला वाढदिवसाला भेट द्यायच्यात." माझ्या लग्नाला त्यांनी एक दिवसाची रजा काढली. एकच. लग्न शहरातल्या मराठी देवळाच्या आवारात झालं. शेवटी झाल असते ना, मुलीच्या बापानं मुलीला सासरच्या मंडळींच्या मांडीवर बसवून म्हणायचं, इतके दिवस आमची, आता तुमची. बाबांनी तेवढंच म्हटलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही, आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. शपथ सांगते, घड्याळ पाहिलं. नऊवारीच्या ओच्यात कोंबलेल्या मला वाटलं, हा माणूस मला पार्सल म्हणून बुक करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या गाडीनं वऱ्हाड भुसावळला परत जायचं होतं. बाबांनी कुणाशी तरी ड्यूटी बदलून तीच गाडी मागून घेतली, बीनापर्यंतची. मला हे आईनं सांगितलं तेव्हा मी नाक मुरडलं. म्हटलं, "रजा एक दिवस वाढवली असती तर?" आई म्हणाली, "त्यांना जमेल तसं ते पोचवतायत तुला." मला नाही पटलं. सगळ्यांचे बाप दारात उभे राहतात. माझा बाप ड्यूटीवर.

आणि इथं ती झंडी येते.

गार्डाची लोखंडी पेटी स्टेशनावरच राहायची, पण झंड्या धुवायला घरी यायच्या, एक लाल, एक हिरवी, काठीला गुंडाळलेल्या. आमच्या घरात झेंडा म्हणजे पंधरा ऑगस्टचा. बाबांच्या त्या झंड्याच. वयाच्या नवव्या वर्षापासून त्या धुवायचं, इस्त्री करायचं, गुंडाळायचं काम माझं. दाराआड एक खुंटाळं होतं, त्यावर त्या टांगायच्या. तिथंच एक तिसरी होती, मोडीत निघालेली जुनी लाल झंडी. कोपरा फाटला होता आणि मी तो शाळेतल्या शिवणाच्या तासाला शिकलेल्या टाक्यांनी रफू केला होता. लाल दोरा संपला म्हणून पिवळ्यानं. बाबांनी ते बघून म्हटलं होतं, "पास." ती झंडी घेऊन मी आणि भाऊ अंगणात गाडी-गाडी खेळलो. मी गार्ड, तो डबा.

ती मला हवी होती. मागितली असती तर दिली असती त्यांनी, पण मागायचं म्हणजे कबूल करायचं की मला माहेरचं काहीतरी बरोबर न्यावंसं वाटतंय. आणि मी तर रडणार नव्हते, मी तर शिकलेली. मग मी ठरवलं, चोरायची.

पाठवणीच्या सकाळी उजाडायच्या सुमाराला उठले. जमिनीवर पाहुणे आडवेतिडवे पसरले होते. दिवा लावला तर एखादी मावशी जागी होणार. डावीकडच्या खुंटीला कायम जुनी असायची. तिथली गुंडाळी उचलली, काठी उपसून ठेवली, कापड घडी करून माझ्या पिशवीत ओटीच्या नारळाखाली दडवलं. फत्ते. लग्नघर आवरताना कुणीतरी खुंटीवरच्या वस्तूंची जागा बदलली असेल, असा विचार माझ्या फर्स्ट क्लास डोक्यात आला नाही.

बाबा आठला निघाले. दोन तास आधी हजेरी लावायची असते. आत आले, दाराआडून झंड्या घेतल्या, टोपी घातली. मी न्हाऊन बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "वेळेवर निघा. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं." झालं. एवढंच. गेले.

साडेनऊला दारात गर्दी. आई रडत होती, भाऊ रडत होता, कॉलनीतल्या बायका तर येतानाच तयारीनं आलेल्या. मी कोरडी. चाचीनं माझ्या मुठीत तांदूळ कोंबले आणि सांगितलं, पाठीमागं फेक, माहेरचं घर भरलेलं राहतं. आई म्हणाली, "आमच्यात नाही हो हे." चाची म्हणाली, "झाँसी में तो है." मी फेकले. इतक्या जोरात फेकले की सगळे चाचीच्याच चष्म्यावर. कुणीतरी मागं कुजबुजलं, "बिटिया की बिदा में बाप नइयाँ?" बाप नाही. आणि मीही ताठ मानेनं टांग्यात चढले, जणू सहलीला निघालेय. चाची चष्मा पुसत म्हणाली, "बिन्नू, अबै गाड़ी नईं छूटी."

स्टेशनवर मी सगळा प्लॅटफॉर्म नजरेनं चाळला. आमचा डबा मधे, गार्डाचा डबा शेवटी. बाबा येतील, खिडकीशी उभे राहतील, काहीतरी बोलतील, एक शब्द. "नीट राहा" म्हणतील. निदान "पाणी पी" म्हणतील. मला तेवढा एक शब्द हवा होता, आणि तो आपल्याला हवाय हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आले नाहीत. शिट्टी झाली, गाडी हलली. मी खिडकीच्या गजांना नाक चिकटवून मागं पाहिलं, तर पार टोकाला पांढरा कोट बाहेर झुकलेला आणि हातात हिरवी झंडी. माझ्या बापानं मला हिरवी झंडी दाखवली! जा म्हणाला.

नवरा शेजारी बसून पेंगत होता. सासूबाई समोर, मांडीवर लाडवांचा डबा, तोंड घट्ट मिटलेलं. सासरे वरच्या बाकावर. सासरेही रेल्वेतून निवृत्त, नवराही रेल्वेच्याच हिशेबखात्यात कारकून. म्हणजे पुढं जे झालं त्याचा अर्थ न समजणारा एकही माणूस त्या वऱ्हाडात नव्हता. पलीकडच्या बाकावर बबीना छावणीत जाणारे तीन-चार फौजी पत्ते खेळत होते.

नाक पुसायला रुमाल हवा होता. नाक गळत होतं, डोळे नव्हे, हे मी स्वतःला बजावलं. पिशवीत हात घातला, तर झंडी लागली. मी ती पदराखाली उलगडली, पिवळे टाके बोटाला लागावेत म्हणून. कोपरा चाचपला. टाके नाहीत. दुसरा कोपरा. तिसरा. चारी कोपरे गुळगुळीत, नवेकोरे, माझ्याच इस्त्रीची घडी. ही ड्यूटीची झंडी होती.

आता काय काय आलं डोक्यात! बाबा लाल झंडीशिवाय गाडी चालवतायत. पुढं रूळ उखडलेला असेल. गाय आडवी असेल. बबीनाला साहेब तपासणीला उभा असेल, म्हणेल, दाखवा झंड्या. इतक्या वर्षांची डागाशिवाय नोकरी, आणि डाग लावला कुणी, तर मुलीनं, पाठवणीच्या दिवशी, चोरी करून. हे सगळं खरंच आलं डोक्यात. पण आज सत्तरी ओलांडल्यावर खोटं कशाला बोलू? त्या सगळ्याच्या खाली दुसरंच होतं. गाडी थांबली की गार्डाला उतरून त्या डब्यापाशी यावंच लागतं. नियम आहे. आणि नियम असला की बाबा येतातच.

मी उठले, बाकावर चढले, साखळीला दोन्ही हातांनी लोंबकळले. हिरव्या चुड्यासकट.

गाडी कण्हत, कुरकुरत, आडरानात उभी राहिली. दोन्ही बाजूंना ओसाड माळ, पळसाची झुडपं आणि एक शेळी. मग माझ्या नवऱ्यानं लग्नानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य माझ्याशी बोलून दाखवलं: "काय केलंस हे?"

सासरे वरून वाकून बघत म्हणाले, "पळून जायचं होतं तर झाशीतच जायचं. इथं टांगा नाही मिळणार."

खडीवरून बुटांचा आवाज आला. डब्याच्या टोकाला बाहेरून एक चकती असते, साखळी ओढली की ती फिरते. त्यावरून कळतं कोणता डबा ते. बाबा ती बघून वर चढले. आधी पांढरी टोपी दिसली, मग काखेतली वही. चेहरा तोच, घड्याळ बघतानाचा.

"चेन किसने खींची?"

सगळा डबा माझ्याकडं बघायला लागला. शेळीसुद्धा, असं मला वाटलं. मी हात वर केला, वर्गात करतात तसा.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "नाम बताइए."

बताइए! मला! ज्यांच्या झंड्या मी दहा वर्षं धुतल्या ते मला बताइए म्हणत होते. मी घाबरून शाळेतल्यासारखं एका दमात सांगून टाकलं, माझं नाव, मधे बाबांचं नाव, शेवटी आमचं आडनाव. बाबांनी ते लिहूनही घेतलं. शेवटचं अक्षर काढलं आणि मग पेन थांबलं.

समोरून सासूबाई हळूच म्हणाल्या, "ते आता नाही हो."

आदल्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. मी ते एकदाच ऐकलं होतं, तेही बँडच्या गोंगाटात. बाबांनी विचारलं, "फिर?" मला नाव आठवेना. फर्स्ट क्लासला स्वतःचं नाव आठवेना! मी नवऱ्याकडं बघितलं, तो खिडकीबाहेर. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, संपूर्ण, सावकाश. बाबांनी आपलं नाव, आपलं आडनाव, माझं जुनं नाव, सगळ्यावर एक सरळ रेघ मारली. त्यांची रेघ कायम पट्टी ठेवल्यासारखी यायची. ती त्या दिवशी मधे थोडी खाली गेली. मग वरच्या मोकळ्या जागेत नवं नाव लिहिलं. ते नाव कागदावर पहिल्यांदा लिहिणारा माणूस माझा बाप होता.

"कारण?"

मी पदराखालून झंडी काढली आणि पुढं धरली. सगळे त्या लाल कापडाकडं बघत राहिले. मग फौजींपैकी एकजण पत्ते खाली ठेवून म्हणाला, "अरे बहनजी! लाल झंडी पास में थी तो खिड़की से दिखा देतीं! चेन काहे खींची?"

डबा फुटला हसण्यानं. नवरा हसला, सासरे वरच्या बाकावर खोकेपर्यंत हसले. आणि मी रडले. कसली रडले! भोकाड. सूर नाही, शब्द नाही, नुसता भोंगा. वाचनालयातली दोन्ही कपाटं त्यात वाहून गेली. चाची तिथं असती तर तिनं दहापैकी अकरा दिले असते. कदाचित दोन दिले असते, चाल नव्हती म्हणून.

बाबा हसले नाहीत. झंडी घेतली, घडी नीट केली, कोटाच्या खिशात ठेवली. वहीत लिहिलं, आणि लिहिलेलं कायद्याप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवलं: "कारण, रेल्वेचे सामान गार्डास परत करण्यासाठी." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग म्हणाले, "आगे से ऐसा न करें." आणि उतरले. चकती सरळ केल्याचा आवाज आला, बुटांचा आवाज मागं मागं गेला, शिट्टी झाली, गाडी निघाली. नियम पुरा झाला. माझा शब्द मला मिळालाच नाही.

बबीनाला स्टेशनमास्तर आले, हातात बाबांनी दिलेला कागद. त्यांनी माझा शालू बघितला, सुजलेलं नाक बघितलं, आणि मागं उभ्या बाबांना विचारलं, "बिटिया है, गार्ड साब?" बाबा म्हणाले, "पैसेंजर है. लिखा हुआ है." मास्तरांनी मला दोन शब्द समज दिली. देता देता त्यांचाच आवाज बसला. त्यांनाही मुलगी असावी. कागद घडी करून निघून गेले. फौजी उतरले, जाताना तो मघाचा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "भैया, सँभाल के. रुकना-चलना अब इन्हीं के हाथ में है."

ललितपूर आलं, गेलं. मी बाहेर डोकावले. बाबा मागं आपल्या डब्यापाशी कुणाशी तरी बोलत उभे, इकडं पाहिलंही नाही. मला वाटलं, संपलं. मी त्यांना मान खाली घालायला लावली, आता बीनाला उतरतील आणि तसेच निघून जातील. सासूबाई उठल्या, साखळीनंतर खिडकीत जाऊन बसलेल्या माझ्या नवऱ्याला हातानंच बाजूला सारलं आणि मला खिडकीशी सरकवलं. एक लाडू माझ्या हातात ठेवला, दुसरा दुसऱ्या हातात.

म्हणाल्या, "बस खिडकीशी. पण दोन्ही हात भरलेले राहू देत."

त्या बाईशी माझं पुढं चाळीस वर्षं जे काही जमलं, ते त्या दोन लाडवांपासून. भांडलोही खूप, पण ते वेगळं.

बीनाला गाडी पंधरा-वीस मिनिटं थांबते. गार्ड बदलतो. मी लाडू धरून प्लॅटफॉर्मकडं बघत बसले. माणसं आली, गेली. पुरीवाला गेला, हमाल गेले. नवा गार्ड आपल्या पेटीमागून चालत शेवटच्या डब्याकडं गेला. म्हणजे बाबांची ड्यूटी संपली होती. मी मोजत होते, आता ते ऑफिसात सही करत असतील, आता आमच्याकडं पाठ करून परतीच्या गाडीची चौकशी करत असतील.

तेवढ्यात ते आले. टोपी काढून काखेत धरलेली. टोपीशिवाय गणवेशात मी त्यांना स्टेशनवर कधीच पाहिलं नव्हतं. कपाळावर टोपीचा वळ, वरचे केस चपटे. आधी सासऱ्यांना नमस्कार केला, मातीच्या कुल्हडांतून सगळ्यांना चहा पाजला, सासूबाईंना म्हणाले, "सकाळच्या प्रकाराबद्दल..." त्या म्हणाल्या, "अहो, चहा गार होतोय तुमचा." मग ते माझ्या खिडकीशी आले. माझ्या दोन्ही हातांत लाडू. डोळे पुसायचीही सोय नाही.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेलं लाल कापड काढलं आणि गजांतून माझ्या मांडीवर टाकलं. वरच्या कोपऱ्याला पिवळे टाके होते.

सिग्नल पडला. पलीकडून नव्या गार्डाची शिट्टी झाली. बाबांनी गजावरच्या माझ्या मनगटावर हात ठेवला, गाडी हलली तसे दोन-चार पावलं बरोबर चालले. आणि मराठीत, घरातल्या आवाजात म्हणाले:

"नवी तू नेलीस ते सकाळी दाराआडच कळलं होतं मला. जुनीच घेऊन निघालो; म्हटलं, राहू दे पोरीकडे. आता ही ठेव. आणि घरी यावंसं वाटलं तर साखळ्या ओढू नकोस, दोन ओळी टाक. मी रजा काढून येतो."